हँडल उंच नको, जवळ आणा

प्रश्न असा आहे: मुलुंडहून अंधेरी पूर्वेला रोज १६० सीसीच्या बाइकने जाणं-येणं. उंची पाच फूट पाच इंच, वय चाळिशीच्या आतबाहेर. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) मध्यावर पोचेपर्यंत दोन्ही हातांच्या करंगळ्यांना मुंग्या येतात आणि घरी परतल्यावर खांदे भरून आलेले असतात. गॅरेजवाला म्हणतो, "उंच हँडल टाकून देतो, तासाभराचं काम." पण हे काम स्वतःच्या हाताने करायचं आहे. कुठलं हँडल घ्यावं, काय लागेल आणि काय बिघडू शकतं?

हँडल स्वतः बदला, त्यात अवघड असं काही नाही. पान्यांचा एक सेट, एक रिकामा रविवार आणि थोडा संयम एवढ्यावर भागतं. फक्त "उंच" हा शब्द डोक्यातून काढा. माझ्या गॅरेजमध्ये या कामासाठी येणारा जवळपास प्रत्येक जण उंच हँडलच मागतो. त्याला बाइकवर बसवून टेप लावली की कळतं, हँडल खाली नसतं, अंगापासून लांब असतं. लांब असलेलं हँडल सरळ वर उचललं तर ते लांबच राहतं. हात तेवढेच ताणलेले, शिवाय ते खांद्याच्या रेषेत उचललेले. महिनाभराने तोच माणूस मान धरून परत येतो.

तेव्हा खरेदीच्या आधी दुखणं नेमकं कुठलं ते ओळखा. बधिर होणारी बोटंच बरंच काही सांगतात. करंगळी आणि अनामिका असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या गादीवर भार पडतोय. तिथून जाणारी अल्नर नस दबते. म्हणजे धड पुढे झुकलंय आणि तुम्ही हँडलवर रेलून बसताय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर गोष्ट वेगळी. मनगट वरच्या बाजूला मुडपलेलं राहतं आणि मधली मीडियन नस दबते. त्याला कारण बहुधा क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन असतो, हँडलचा आकार नाही. आणि मुंग्या बाइकवरून उतरल्यावरही जात नसतील, रात्री झोपेत येत असतील, तर पाने बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

फक्त डावा हात दुखतो अशी तक्रार असेल तर हँडलचा विचारच करू नका. क्लचची केबल बदला. पवई ते साकीनाका एवढ्या पट्ट्यात क्लच किती वेळा दाबावा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. आतून गंजलेली, तारेचे एक-दोन धागे तुटलेली केबल क्लच दुप्पट जड करते, आणि माणूस मात्र हँडलला शिव्या देत बसतो. नवी केबल टाकली की अर्धे लोक हँडलचं नावही काढत नाहीत.

तुमच्या दोन्ही करंगळ्या बधिर होतात, म्हणजे भार पुढे येतोय हे नक्की. तो का येतोय, याची हँडलखेरीज तीन कारणं आधी तपासून घ्या. पहिलं, पाठीवरची लॅपटॉपची बॅग. चार-पाच किलो खांद्यावरून सरळ मनगटात उतरतात. बॅग मागच्या सीटवर बंजी दोरीने बांधून दोन दिवस ऑफिसला जाऊन बघा. दुसरं, सीटचा उतार. बऱ्याच गाड्यांची सीट टाकीकडे उतरती असते. ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो आणि मग हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. मोबाइलमधल्या लेव्हलच्या अॅपने उतार लगेच कळतो. तिसरं, मागचा शॉकअप. कुणी तरी डबलसीटसाठी तो कडक करून ठेवला असेल तर गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि उतार आणखी वाढतो. एकटेच जात असाल तर एक-दोन खाचा खाली घ्या.

यानंतरची पायरी फुकटातली आहे आणि ती केल्याशिवाय नवं हँडल घेऊ नये असं माझं मत आहे. बाइक मेन स्टँडवर घ्या, नेहमीचे बूट घालून बसा, हात ग्रिपवर ठेवा आणि बोटं सरळ करा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक सरळ रेष आली पाहिजे आणि बोटं थेट लिव्हरवर पडली पाहिजेत. शोरूममधून बाहेर पडताना लिव्हर बहुतेक वेळा जवळजवळ आडवे असतात, म्हणून ब्रेक धरताना मनगट वर मुडपतं. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवा. उजवीकडे डिस्क ब्रेकचा मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या डबीचा पंप) त्याच क्लॅम्पवर असतो. तो इतका फिरवू नका की ऑइलची डबी तिरकी होईल.

मग हँडलचे चार बोल्ट सैल करा आणि आहे तेच हँडल क्लॅम्पमध्ये किंचित स्वतःकडे फिरवा. अगदी थोडं. ग्रिपची टोकं बोटभर जवळ येतात. जास्त फिरवलं तर टोकं खाली झुकतात आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळतं, ते टाळा. बोल्ट नीट आवळून आठवडाभर चालवा. फरक जाणवला पण अपुरा वाटला, तर समजा की तुम्ही योग्य दिशेला आहात आणि आता खरेदीला निघायला हरकत नाही.

खरेदीच्या आधी आकडे काढा. घरातलं कुणी तरी मदतीला घ्या. बाइकवर बसा, गुडघे टाकीला लावा, पाठ आणि खांदे सैल सोडा, डोळे मिटा. आता हँडल समोर आहे असं समजून हात जिथे आपोआप येतील तिथे थांबवा. कोपर थोडं वाकलेलं हवं. मदतीला असलेल्या माणसाने तुमच्या मुठीपासून खऱ्या ग्रिपपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं: मागे किती आणि वर किती. दोन-तीन वेळा करा, कारण पहिल्या वेळी सगळेच नकळत ग्रिपकडे हात नेतात. मागचा आकडा वरच्यापेक्षा मोठा निघतो, असा माझा अनुभव आहे. तुमची उंची ऐकून मला वाटतं, तुम्हाला इंच-दीड इंच मागे आणि जेमतेम अर्धा-पाऊण इंच वर लागेल. पण माझा अंदाज मानू नका, टेपचं ऐका.

दुकानात हे आकडे घेऊन जा, आणि जमलं तर जुन्या हँडलचा पुठ्ठ्यावर काढलेला आकारही. पुठ्ठा भिंतीशी धरून हँडलची बाह्यरेषा पेनने काढायची, वरून एक आणि समोरून एक. दुकानदाराला नुसतं "थोडं मागे येणारं" सांगितलं की तो त्याच्याकडे जे पडून असेल ते थोडं मागे येणारंच आहे असं सांगतो. पुठ्ठ्यावर नवं हँडल ठेवलं की वाद संपतो.

नळीच्या जाडीत चूक चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल बावीस मिलिमीटरचं म्हणजे पाऊण इंचापेक्षा थोडं जास्त, सात अष्टमांश इंच असतं. ग्रिपजवळही तेवढं आणि क्लॅम्पमध्येही तेवढं. काही गाड्यांना मध्यभागी २८.६ मिलिमीटरचं आणि टोकाला निमुळतं होत बावीसचं हँडल असतं. हार्लेसारख्या क्रूझरना एक इंची. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापपट्टीने) मोजा. व्हर्नियर नसेल तर जुनं हँडल हातात घेऊनच जा. क्लॅम्पमध्ये पत्र्याची पट्टी घालून बारीक हँडल बसवून देणारे लोक आहेत. हा प्रकार जिवाशी खेळ आहे. खड्ड्यात चाक आदळल्यावर हँडल क्लॅम्पमध्ये फिरलं तर हातात काहीच राहत नाही. मधल्या भागावर क्लॅम्पची पकड बसावी म्हणून खरखरीत रेघा कोरलेल्या असतात. तो खरखरीत भाग क्लॅम्पच्या खाली नीट येतोय ना, हेही बघा.

आणखी एक माप लोक हमखास विसरतात. ग्रिप, स्विच आणि लिव्हरचा क्लॅम्प हे तिन्ही सरळ नळीवर बसायला हवेत. मागे जास्त वळणाऱ्या हँडलमध्ये बाक लवकर सुरू होतो आणि सरळ भाग कमी उरतो. मग लिव्हरचा क्लॅम्प बाकावर येतो आणि नीट आवळला जात नाही. जुन्या हँडलवर टोकापासून लिव्हरच्या क्लॅम्पपर्यंतचं अंतर मोजा. नव्यावर निदान तेवढी सरळ नळी हवीच.

रुंदीबद्दल मुंबईकराने वेगळा विचार करायला हवा. रुंद हँडलने गाडी हलकी वळते, ऑफ-रोडला ते छान. पण बेस्टची बस आणि रिक्षा यांच्या फटीतून जाताना दोन्ही बाजूंचा एकेक इंच भारी पडतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरचा आरसा रोज तुमच्या हँडलला अडकणार आणि रोज कुणी तरी तुमची गाडी ढकलून ठेवणार. जुन्याएवढीच रुंदी ठेवा. दोन्ही टोकांनी एखादा सेंटिमीटर कमी झाला तरी वाईट नाही.

बाजाराचं म्हणाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुट्या भागांची आणि अॅक्सेसरीची दुकानं ओळीने आहेत, तिथे हातात घेऊन बघता येतं. माझी पहिली पसंती मात्र चमकदार अॅक्सेसरीला नाही. तुमच्याच कंपनीच्या एखाद्या साध्या कम्युटर मॉडेलचं मूळ स्टीलचं हँडल बघा. नळीची जाडी भरवशाची, बाक आरामाचा, आणि स्विचच्या पिनांची भोकं बऱ्याचदा जुळून येतात. बिनानावाचं स्वस्त हँडल पातळ नळीचं असतं. गाडी उभ्याउभ्या एका बाजूला पडली तरी वाकतं. चोरबाजारातून किंवा भंगारातून जुनं घ्यायचं असेल तर दुकानातल्या सपाट लादीवर ठेवून बघा. दोन्ही टोकं लादीपासून सारखी उचललेली हवीत, आणि मधला भाग डुगडुगता कामा नये. थोडं वाकलेलं "सरळ करून देतो" म्हणाला तर पुढच्या दुकानाकडे वळा. गॅसवर तापवून सरळ केलेलं स्टील कमजोर होतं, आणि वाकून सरळ केलेलं अॅल्युमिनियम एक दिवस न सांगता तुटतं.

आता केबल. हँडल कुठलं बसेल हे शेवटी केबलच ठरवतात. क्लचची केबल, रेसची (अॅक्सिलरेटरची) केबल, डिस्क ब्रेकचा पाइप आणि दोन्ही स्विचच्या वायरी, या सगळ्यांना नव्या जागेपर्यंत पोचायचं असतं. हँडल मागे आणलं की बऱ्याचदा केबल उलट थोड्या सैल पडतात, ताणल्या जात नाहीत. उंच हँडलपेक्षा जवळचं हँडल सोपं पडतं त्याचं हेही एक कारण. उंची इंचभराच्या पुढे गेली की ताण सुरू होतो. केबल लांब मिळतात, त्याच कंपनीच्या उंच हँडलच्या मॉडेलची बसते का ते विचारा. वायरी वाढवायच्या तर पिळून टेप गुंडाळण्याचा प्रकार नको, पहिल्याच पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो. नीट कनेक्टर दाबून वर हीट श्रिंकची नळी चढवा.

ब्रेकचा पाइप मात्र वेगळी बाब आहे. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, तेव्हा तुमची १६० सीसी त्यानंतरची असेल तर तिला ते असणारच. पाइप उघडला की ब्रेकमध्ये हवा शिरते आणि एबीएसच्या यंत्रात शिरलेली हवा काही गाड्यांमध्ये सर्व्हिस सेंटरचं मशीन लावल्याशिवाय निघत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पाइप न उघडता बसेल असंच हँडल निवडा. लांब पाइप टाकणं अपरिहार्यच असेल तर तेवढा भाग सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या. यात कमीपणा काही नाही.

हत्यारं म्हणाल तर एलन कीचा चांगला सेट, ८, १०, १२, १४ चे पाने, पक्कड, गोल कानस आणि लहान मापाचा टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना). मशिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला हे सगळं एका फेरीत मिळतं. टॉर्क रेंचवर खर्च कशाला, असं वाटेल. हँडलचे बोल्ट अॅल्युमिनियमच्या टीमध्ये (पुढच्या शॉकअपच्या नळ्या जोडणाऱ्या वरच्या पट्टीत) घुसतात आणि हाताच्या जोराने आवळताना त्यांचे आटे जातात. एकदा आटे गेले की नवी टी घ्या नाही तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवा. त्यापुढे रेंच स्वस्त.

कामाला बसताना आधी मोबाइलवर फोटो काढा. हेडलाइटच्या मागून, दोन्ही बाजूंनी, वरून. कुठली केबल कुठल्या वायरीच्या पुढून जाते हे संध्याकाळी आठवत नाही. टाकीवर जुनी गोधडी दुमडून टाका. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग उचलतो, आणि सुटलेलं हँडल टाकीवर पडलं तर पोचा ठरलेला. बॅटरीची मायनस वायर काढा, म्हणजे स्विच उघडताना काही शॉर्ट होणार नाही.

आरसे आधी काढा. यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, काही इतर गाड्यांमध्येही. अडला म्हणून जोर लावण्याआधी हे आठवा. मग टोकाची वजनं. ती शोभेची वाटली तरी हँडलची थरथर कमी करतात, तेव्हा नव्या हँडललाही बसवायची आहेत. त्यांचे स्क्रू कंपनीने बहुधा लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून घट्ट केलेले असतात. वजन पक्कडीने, मध्ये जाड कापड घेऊन धरा, नाही तर ते स्क्रूबरोबर फिरत राहतं.

ग्रिप काढायला कापू नका. डाव्या ग्रिपच्या कडेखाली बारीक पेचकस सरकवून फट करा आणि सिरिंजने भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी आत सोडा. पिळत पिळत ग्रिप बाहेर येते. डब्ल्यूडी-४० किंवा ऑइल घालू नका. काढताना सोपं जातं, पण नंतर ग्रिप कायमची फिरत राहते, आणि चालत्या गाडीवर ग्रिप निसटणं फार वाईट. नवी किंवा धुतलेली जुनी ग्रिप बसवताना सॅनिटायझर फवारा. ओलं असेपर्यंत सरकतं आणि मग उडून जातं. ग्रिपचा गोंद वापरलात तर रात्रभर तसंच राहू द्या. आपल्या दमट हवेत डबीवर लिहिलेल्या वेळेत तो सुकत नाही.

मास्टर सिलिंडर सोडवला की तो उभाच राहिला पाहिजे, डबीचं झाकण वर. सुतळीने भिंतीवरच्या खिळ्याला बांधा. लटकत आडवा राहिला तर पाइप न उघडताही हवा धरू शकतो. या वेळात ब्रेकचा लिव्हर कुणी दाबणार नाही हे बघा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

नवं हँडल आधी सैलच बसवा. सगळं चढवा, पण काहीच पक्कं करू नका. आता हँडल डावीकडे पूर्ण वळवा, उजवीकडे पूर्ण वळवा. लिव्हर किंवा स्विच टाकीला टेकतोय का? केबल ताणल्या जातायत का? ब्रेकचा पाइप कुठे घासतोय? अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये चिमटतोय का? या प्रश्नांची उत्तरं बोल्ट सैल असतानाच शोधायची असतात. सगळं ठीक असेल तरच पुढे जा.

यानंतरची गोष्ट म्हणजे स्विचची पिन. स्विचच्या खोक्याच्या आत एक छोटी पिन असते आणि हँडलवर तिच्यासाठी भोक असतं. त्यामुळे खोकं फिरत नाही. नव्या हँडलला हे भोक नसेल किंवा दुसरीकडे असेल तर बरेच जण पिन कानसून टाकतात. डाव्या बाजूला हॉर्नचा स्विच थोडा फिरला तर गैरसोयच होते. उजव्या बाजूला मात्र हे अजिबात करू नका. तिथे रेसचं खोकं आहे. ते हँडलवर फिरलं तर केबल खेचली जाते आणि रेस आपोआप वाढते. पवईच्या सिग्नलला गर्दीत पहिल्या गिअरमध्ये असताना हे झालं तर काय होईल याची कल्पना करा.

भोक पाडायचं तर असं: लिव्हर, स्विच, ग्रिप सगळं जागेवर बसवून, गाडीवर बसून, अंगठ्याला बटण नीट सापडतंय ते बघून स्विचच्या कडेची रेघ मार्करने नळीवर काढा. स्विच सोडा, आतल्या पिनचं कडेपासूनचं अंतर मोजा, नळीवर खूण करा, सेंटर पंच मारा. आधी बारीक ड्रिल, मग पिनच्या जाडीचं. नळीची एकच बाजू भोकायची, आरपार नाही. भोकाची कड कानसने साफ करा, बारीक कीस पुसून काढा. बाकाजवळ किंवा क्लॅम्पजवळ भोक पाडू नका. आणि अॅल्युमिनियमचं हँडल असेल तर त्याच्या कागदावर भोक पाडू नये असं लिहिलंय का ते बघा. काही कंपन्या स्पष्ट मनाई करतात. अशा वेळी ते हँडल परत करून दुसरं घेतलेलं बरं.

क्लॅम्प आवळताना गाडीचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच गाड्यांमध्ये क्लॅम्पच्या टोपीवर एक टिंब असतं आणि ते पुढे ठेवायचं असतं. अशा गाड्यांत आधी पुढचे दोन बोल्ट पूर्ण आवळायचे, मग मागचे, आणि फट फक्त मागे राहते. काही गाड्यांमध्ये दोन्ही बाजूंना सारखी फट ठेवायची असते. तुमची कुठली, हे मॅन्युअलच सांगेल. त्यात टॉर्कचा आकडाही असतो. आठ एमएमच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, पण तुमच्या गाडीचाच आकडा धरा. मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पवर बाण किंवा "अप" असं कोरलेलं असतं, ते वरच्या दिशेला. तिथे वरचा बोल्ट आधी.

बसवून झालं म्हणजे काम झालं नाही. इंजिन चालू करा, गाडी न्यूट्रलला, आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. इंजिनचा आवाज तसूभरही वाढता कामा नये. वाढला तर रेसची केबल कुठे तरी ताणली जातेय किंवा टीच्या मागे अडकलीय. ती सोडवल्याशिवाय गेटबाहेर जाऊ नका. रेसच्या ग्रिपला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल हवी आणि सोडली की ती चटकन परत फिरायला हवी. ग्रिपची आतली कड खोक्याला घासत असेल तर ती परतत नाही, म्हणून मिलिमीटरभर बाहेर सरकवा. पुढचा ब्रेक दाबून मागचा दिवा लागतोय का बघा. लिव्हरखालचा छोटा स्विच आणि त्याच्या दोन बारीक वायरी या कामात नेहमी सुटतात, आणि मागचा दिवा लागत नाही हे पाठीमागच्या डंपरवाल्यालाच आधी कळतं. क्लचचा स्विच असेल तर गिअरमध्ये क्लच दाबून स्टार्ट होतेय का तेही.

पावसाळ्याच्या तोंडावर काम करत असाल तर एक बारकावा. हँडलची जागा बदलली की केबलचं तोंडही बदलतं. आधी खाली झुकलेलं तोंड आता आकाशाकडे झालं असेल तर पावसाचं पाणी फनेलसारखं आत उतरतं आणि दोन महिन्यांत केबल आतून गंजते. लिव्हरजवळचं रबरी बूट परत नीट चढवा. फाटलं असेल तर नवं घ्या, अगदी किरकोळ वस्तू आहे. स्विचच्या कनेक्टरमध्ये थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. समुद्राजवळ राहत असाल तर सुटे बोल्ट स्टेनलेसचे घेतलेत तरी चालतील. हँडलचे चार मात्र कंपनीचेच ठेवा, कारण साधं स्टेनलेस त्यांच्याएवढं ताकदवान नसतं.

उंच हँडलबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली. अगदी ताठ बसलेल्या माणसाचा सगळा धक्का मणक्यातून सरळ खाली जातो. थोडं पुढे झुकलेल्या शरीरात तो नितंब, पाठ आणि हात वाटून घेतात. एलबीएस रोडला पेव्हर ब्लॉक उखडलेल्या पट्ट्यावरून उंच हँडलने गेलात की कंबरच सांगेल. पुढच्या चाकावरचा भारही कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर ते काय करतंय हे हाताला कमी कळतं. घाटात वारा छातीवर येतो ते वेगळंच.

स्पोर्ट्स बाइकवाल्यांसाठी एवढंच: क्लिप-ऑन हँडल फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीला धरलेलं असतं. त्याच्या जागी साधं हँडल बसवायचं तर वरची टी बदलावी लागते किंवा तिला माउंट लागतात, आणि तो पसारा घरी मांडू नये. त्यांना वर उचलणारे क्लिप-ऑन किंवा स्पेसर मिळतात, तिथून सुरुवात करा. रेस केबलऐवजी वायरवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये, २०१७ नंतरच्या ३९० ड्यूकसारख्या, ग्रिपजवळच्या वायरी कापून वाढवू नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ रुंदीचं, किंचित मागे आलेलं हँडल आणि डोक्याएवढं उंच हँडल यांत पोलिसाच्याही नजरेला फरक दिसतो, त्यामुळे माप साधं ठेवायला हे आणखी एक कारण. विमा कंपनीला मात्र ईमेलने कळवून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरला बदललेला भाग पहिल्यांदा दिसला की दावा अडकवायला त्याला निमित्त मिळतं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या.

पहिली फेरी घराजवळच घ्या, सोसायटीत किंवा मुलुंडच्या आतल्या रस्त्यांवर. आरसे नव्याने लावा, कारण आता तुमचं डोकं वेगळ्या जागी आहे. जेव्हीएलआरला लगेच जाऊ नका, हात जुन्या सवयीने ग्रिप शोधत राहतात. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. आणि जुनं हँडल भंगारवाल्याला देऊ नका. ग्रिपच्या जागा मार्करने लिहून माळ्यावर टाकून ठेवा. गाडी विकायची वेळ आली की घेणारा हमखास मूळ हँडल मागतो.